मुठीवरचे दात

डॉक्टर सायली खैरनार यांनी सावळीरामचा खालचा जबडा बारीक करवतीने कापला आणि दोन्ही तुकडे टेबलावर वेगळे ठेवले. पांढरी भुकटी फुंकरीने उडवली आणि समोर बघून हसल्या.

"घाबरू नका, बाबा. हा प्लास्टरचा आहे. तुमचा तुमच्या तोंडातच आहे."

सावळीराम घाबरला नव्हता. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधलेली होती, ओठ सुजले होते, तरी तो खुर्चीच्या कडेला सरकून टेबलावर वाकला होता. काल याच बाईंनी त्याच्या तोंडात गुलाबी लगदा भरून दातांचे ठसे घेतले होते. दुखलं होतं. पण आपलेच दात असे पांढरे होऊन बाहेर आलेले त्याने कधी बघितले नव्हते. मागून, आतल्या बाजूने ते कसे दिसतात हे तर माणसाला कळतच नाही.

सोमवारी सकाळी गुलाबाचे क्रेट मागे बांधून तो मखमलाबादहून फुलबाजाराकडे निघाला होता. गतिरोधकावर मोटारसायकल उडाली आणि तो हनुवटीवर पडला. बाहेरून दिसायला दोन-चार टाके. आत मात्र जबड्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पुढे डाव्या सुळ्याजवळ आणि मागे उजव्या कानाखाली. मुलगा जीवन त्याला गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यात घेऊन आला तेव्हापासून त्याचं बोलणं बंद होतं. जे सांगायचं ते तो नातीच्या पाटीवर लिहीत होता.

"हाड जिथे तुटलंय तिथेच हे प्लास्टर कापलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता हे तुकडे वरच्या दातांवर बसवून बघायचे. जसे बसतील तसंच उद्या ऑपरेशनमध्ये हाड जुळवायचं. जबड्याचं हाड दातांवरून जुळवतात."

सावळीरामने लिहिलं, 'हाडावरून का नाही?'

"हाड थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं. दात सरकले तर जन्मभर कळतं. जेवताना घासात केस आला तर कसं लगेच कळतं, तसं."

त्यांनी तुकडे वरच्या दातांना टेकवले. मग काढले, पुन्हा टेकवले. कपाळाला आठी पडली. सावळीरामच्या मागच्या दाढा केव्हाच काढून टाकलेल्या होत्या, आणि पुढचे दात झिजून सपाट झाले होते. त्यामुळे तुकडे दोन तऱ्हांनी बसत होते. एका तऱ्हेने सरळ, खालची मधली रेघ वरच्या मधल्या रेघेखाली. दुसऱ्या तऱ्हेने खालचा जबडा थोडा डावीकडे.

"मॅडम, सरळच करा ना," जीवन म्हणाला. "नाहीतरी तुटलाच आहे."

"सरळ दिसतो तो यांचा असेलच असं नाही. इतकी वर्षं जबडा जसा मिटत आला, कानापुढचा सांधा तसा झालेला असतो. मी सरळ केला आणि तो मुळात डावीकडे असला, तर भाकरी चावताना रोज दुखेल. बाबा, तुम्हाला आठवतंय का, तोंड मिटलं की दात कसे लागायचे?"

सावळीरामने जीभ खालच्या दातांवरून फिरवली. साठ वर्षं तोंड उघडलं, मिटलं. कसं मिटतं हे बघायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याने मान हलवली.

जीवनने मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवले. लग्नं, बारशी, गणपती. सगळ्या फोटोंत सावळीराम मिशी खाली पाडून, तोंड मिटून उभा.

"हसत नाहीत का हे?"

"फोटोत नाही हसत."

"घरात कुणाला माहीत असेल?"

"आईला माहीत असतं," जीवन म्हणाला, आणि मोबाईलची काच शर्टाला पुसत बसला.

सरूबाईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. डॉक्टरबाई प्लास्टरचे तुकडे खाली ठेवत म्हणाल्या, "काम काय करता तुम्ही? दातात काही धरायची सवय? सुतार खिळे धरतात, शिंपी सुई धरतो. बिडी?"

सावळीराम ताठ झाला. त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला. 'चाकू.'

"चाकू?"

"आबा डोळे भरतात ना, गुलाबाचे," जीवन म्हणाला. "म्हणजे असं, की जंगली गुलाबाचा खुंट असतो. त्याची साल कापायची आणि त्यात चांगल्या गुलाबाची काडी..."

सावळीरामने पाटी टेबलावर आपटली. 'काडी नाही. डोळा.'

"हां, डोळा. काडीवरचा कोंब. तो सालीत सरकवायचा. त्याला दोन्ही हात लागतात, तेवढ्यापुरता चाकू दातात. आबा पुढे भरत जातात, मागून आई पट्टी बांधत यायची. अख्ख्या मखमलाबादेत म्हणतात, सावळीरामचा डोळा मरत नाही."

सावळीरामने पाटी मांडीवर नीट सरळ ठेवली.

"चाकू तोच आहे? जुना?" डॉक्टरबाई उठून उभ्याच राहिल्या. "मूठ लाकडी आहे? मागवा."

दुपारी प्रतिभा, त्याची सून, चाकू रुमालात गुंडाळून घेऊन आली. डॉक्टरबाईंनी मोठा दिवा खाली ओढला. मूठ सागवानाची होती, घामाने काळी पडलेली. मधोमध वरच्या अंगाला खाचांची एक ओळ होती, खालच्या अंगाला दुसरी. डॉक्टरबाईंनी प्लास्टरचे वरचे दात वरच्या खाचांत टेकवले, मग खालचा जबडा खालून आणला. सरळ धरला तर तो खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर चढत होता. डावीकडे सरकवला आणि तो मुकाट्याने बसला.

"वाकडे आहात, बाबा," त्या खूश होऊन म्हणाल्या. "वाकडेच ठेवते तुम्हाला."

जीवन हसला. सावळीरामला हसता येत नव्हतं, पण त्याने बोटाने पुन्हा तसं करून दाखवा म्हणून खूण केली. त्यांनी पुन्हा करून दाखवलं. मग त्यांनी चाकू फिरवून पात्याच्या बाजूला दिव्याखाली धरला.

"इथे कोण धरतं?"

पात्याच्या अगदी जवळ, जिथे लाकूड संपून पितळेची कडी सुरू होते, तिथे आणखी खाचा होत्या. लहान, उथळ. वरच्या अंगाला दोन खाचांमध्ये लाकूड जसंच्या तसं राहिलं होतं.

"हे तुमचे नाहीत. बारीक दात आहेत. आणि वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. इतक्या पात्याशी कोण धरतं हो? ओठ कापेल."

सावळीरामने लिहिलं, 'कोणी नाही. चाकू माझा.'

"मग लहान मूल? बाई? बाबा, तुमच्या बायकोच्या दातांत फट होती का?"

सावळीरामने पेन्सिल पाटीवर टेकवली आणि तशीच धरली. जीवन त्याच्याकडे बघत होता. प्रतिभा खाली बघून रुमालाची घडी घालत होती. घडी झाली, तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

पाटीवर पेन्सिलचा एक ठिपका तेवढा उमटला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. श्वासाची नळी नाकातून घालणार म्हटल्यावर सावळीरामने आत नेतानाही लिहून विचारलं, 'नाकातून का?' डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोंड मला लागणार आहे." शुद्धीवर आला तेव्हा त्या पलंगाशी उभ्या होत्या.

"आते कसं वाटस, बाबा? माझं माहेर सटाण्याकडचं. पेशंट झोपेत असला की आमची अहिराणी सुटते."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ओठाच्या आतून चिरून दोन ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या स्क्रूने हाडाला बसवल्या होत्या. त्या आतच राहणार. मागच्या बाजूला हाडाचा थोडा चुरा झाला होता, म्हणून वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले होते. महिनाभर तोंड उघडायचं नाही.

'महिना?' सावळीरामने लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली. 'खुंट तयार आहेत.'

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. जीवनला कळलं. पावसाळ्याच्या तोंडाशी सरूबाईने खुंटाच्या काड्या लावल्या होत्या, चार वाफे. भाद्रपदात ती गेली. काड्या जगल्या, अंगठ्याएवढ्या झाल्या. आता पौष संपत आला होता आणि त्यांची साल सुटायला लागली होती. याच दिवसांत डोळे भरले नाहीत तर साल पुन्हा घट्ट होते, मग खुंट फक्त काटे वाढवत राहतो. तिच्या हातचं मळ्यात तेवढंच उरलं होतं, आणि ते वाया जाऊ द्यायचं नाही एवढं एकच सावळीरामने मनाशी धरलं होतं.

"हाड जुळायला एवढंच लागतं, बाबा, की हलायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकी ते त्याचं ते करतं. आम्ही फक्त नीट टेकवतो आणि बांधून ठेवतो."

सावळीरामने मान डोलावली. हे त्याला सांगायची गरज नव्हती.

त्यांनी प्रतिभाला एक छोटी पक्कड दिली. उलटी झाली तर गुदमरायला नको, म्हणून कुठल्या तारा आधी कापायच्या हे आरशात दाखवलं. प्रतिभाने ती पक्कड गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवली आणि घरी आल्यावरही काढली नाही.

घरी वरणाचं पाणी, ताक, नाचणीची पेज. दाढा नव्हत्या त्याचा असा उपयोग झाला की त्या जागेतून नळी सरळ आत जायची. सावळीराम ओट्यावर बसून नळीने पेज ओढायचा आणि हातात चाकू घेऊन पात्याजवळच्या खाचांवर अंगठा फिरवायचा.

सरूबाईचे दात. तिचे हात त्याला आठवत होते, नखांत माती गेलेले. टाचा आठवत होत्या. कानातलं आठवत होतं. ती रागावली की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. पण दात आठवायला गेलं की पुढे पदर यायचा. ती हसताना पदर तोंडाशी धरायची, आणि त्याला वाटायचं की त्यामागे काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे.

त्याने घरातले सगळे फोटो खाली काढायला लावले. लग्नाचा फोटो, आधार कार्डाचा फोटो, हार घातलेला मोठा फोटो. सगळीकडे तोंड मिटलेलं.

जीवनला त्याने पाटी दाखवली. 'आईच्या वरच्या दातांत फट होती?'

जीवन कंपनीत जायला निघाला होता. हेल्मेट हातात घेऊन थांबला. "होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही बहुतेक." मग हेल्मेट घालून, काच खाली ओढून निघून गेला.

शेजारच्या मळ्यातली कुसाबाई शिऱ्याचा डबा घेऊन भेटायला आली. तारा बघून कपाळाला हात लावला.

"आगं बया! यास्नी शिरा कसा चारू आता?"

"मी दुधात पातळ करते, मावशी," प्रतिभा म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

सावळीरामने पाटी पुढे केली. कुसाबाईला वाचता येत होतं, पण हळूहळू. तिने एकेक अक्षर बोटाने धरलं.

"फट? दातात? अहो, नवरा तुम्ही का मी?"

सावळीरामने पाटी तशीच पुढे धरून ठेवली.

"आता इचारता व्हय? जित्ती होती तवा काय बघत व्हता?" मग तिला वाईट वाटलं असावं. ती पुढे सरकून बसली. "थांबा, आठवते. होती फट. हां, होती. नाय नाय, ती माझ्या धाकल्या जावंला. सरूबाईला नव्हती. का होती? लय हसायची ओ ती माझ्यासंगं, पण पदर हायेच मधी."

त्याने पुसून दुसरं लिहिलं. 'तिने कधी डोळे भरले?'

कुसाबाईने स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज येत होता.

"मला काय ठावं. पर आमच्या मळ्यात तुम्ही भरलं तवा मेलं की डोळे. लय मेलं."

'तुमचं पाणी चुकलं,' सावळीरामने लिहिलं. इतकी वर्षं तो हेच सांगत आला होता.

"पाणी!" कुसाबाई उठली आणि गुडघे दाबत उभी राहिली. "एकाच कॅनॉलचं पाणी पितोय आपण. आमच्या मळ्यात सरूबाई नव्हती, एवढंच."

ती पायऱ्या उतरली. आपण जास्त बोललो असं तिला वाटलं असावं, कारण डबा परत न घेताच गेली.

सावळीराम मळ्यात गेला. खुंटाच्या वाफ्यांकडे न जाता तो जुन्या गुलाबांकडे गेला आणि पहिल्या झाडाशी खाली बसला. बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली. त्याचा काप उगवतीच्या अंगाला होता, नेहमीसारखा, आडवी रेघ वर आणि उभी खाली. इतक्या वर्षांनी तो फक्त एक फुगीर वण राहिला होता. त्यातूनच फांदी निघून वर गेली होती. ठीक होतं. दुसरं झाडही ठीक होतं. तिसरंही.

पुढच्या एका झाडाशी त्याचा हात थांबला. फांदी मावळतीच्या अंगाने निघाली होती. अशा फांद्या त्याने पूर्वी बघितल्या होत्या. उन्हाकडे वळली असेल म्हणून सोडून दिल्या होत्या. आता त्याने मागे वाकून बघितलं. मागेही एक वण होता, खाली, मातीला टेकलेला. आडवी रेघ खाली आणि उभी वर. उलटा काप. पुढच्या अंगाला त्याचा स्वतःचा वण होता, सपाट, वाळलेला. त्यातून काहीच निघालेलं नव्हतं.

तो तसाच बसल्या बसल्या पुढे सरकत गेला. प्रत्येक ओळीत मधूनमधून तसं एखादं झाड होतं. कुठे सलग दोन होती. काही झाडांचे मागचे वण वेडेवाकडे होते, शिकणाऱ्याच्या हातचे. अलीकडच्या ओळींत ते सरळ आणि नेटके होत गेले होते. शेवटच्या ओळीपाशी पोचेपर्यंत त्याच्या धोतराला माती लागली होती, आणि ते वण त्याच्या स्वतःच्या वणांपेक्षा नेटके होते.

मागचे असे वण पूर्वी ओझरते दिसले की खुरप्याचा घाव, असं तो समजत आला होता. दोन-तीनदा सरूबाईला रागावलाही होता, नीट खुरप म्हणून.

प्रतिभा विहिरीजवळ क्रेट धूत होती. जीवनचा जुना फुलबाह्यांचा शर्ट तिने साडीवरून घातला होता. सावळीराम समोर येऊन उभा राहिला आणि पाटी तिच्या तोंडापुढे धरली. 'माझे डोळे मरत नव्हते.'

तिने वाचलं. नळ बंद केला. हात शर्टाला पुसले.

"मरायचे, आबा," ती म्हणाली. "सगळ्यांचेच मरतात थोडे. तुमचे कमी मरायचे."

त्याने चाकू पुढे केला, पात्याजवळ बोट ठेवलं.

"हो, आईंचेच आहेत. फट होती त्यांना. बारीक होती. बोलताना मधेच जीभ लावायच्या तिथे." प्रतिभाने स्वतःच्या दाताला जीभ लावून दाखवली आणि लाजली. "तुम्ही फुलं घेऊन बाजारात गेलात की आम्ही पट्ट्या सोडायला बसायचो. काळा पडलेला डोळा दिसला की त्या मागच्या बाजूला दुसरा भरायच्या. मी बांधायची, कधी मीही भरायची. तुम्ही पाहायला यायचात तोवर तो हिरवा झालेला असायचा."

सावळीरामने पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं आणि हाताने पुसलं. मग पात्याजवळ पुन्हा बोट ठेवलं, आणि मुठीच्या मध्यावर ठेवलं, आणि तिच्याकडे बघितलं.

"इकडे का धरायच्या?" प्रतिभा म्हणाली. "मधे तुमचे दात लागलेले ना. तिथे त्यांनी धरला असता तर तुम्हाला त्यांचं उष्टं लागलं असतं. मी म्हटलं, आई, धुऊन ठेवा की, त्यात काय. तर म्हणाल्या, लाकूड आहे, धुतलं तरी पितं. एकदा ओठ कापला त्यांचा. तुम्ही विचारलंत काय झालं, तर म्हणाल्या उसाचं पातं लागलं."

उसाचं पातं त्याला आठवलं. ऊस सोलताना जपून कर, असंही तो तिला म्हणाला होता. ताटात त्याचं उरलेलं तिने आयुष्यभर खाल्लं होतं. तिचं उरलेलं त्याच्या ताटात कधी आलं नव्हतं, आणि हे असंच असतं यापलीकडे दोघांनी त्याचा कधी विचार केला नव्हता.

तो कट्ट्यावर बसला. पाटी मांडीवर घेऊन त्याने लिहिलं, 'सांगितलं का नाही?'

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, हात चांगला आहे त्यांचा, घाई तेवढी फार करतात. आणि घाई काय सांगून जाते का?" प्रतिभाने पुन्हा नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती थोडी मोठ्याने बोलली. "आम्ही हसायचो मात्र खूप. तुम्ही बाजारातून आलात की दोघी गप्प."

दोन दिवस सावळीरामने कोणाला पाटी दाखवली नाही. जीवनने डोळे भरणारा माणूस शोधायला फोन केले. हंगाम होता, सगळे कुठे ना कुठे अडकलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सावळीराम खुंटाच्या वाफ्यात गेला आणि एका खुंटाची साल नखाने उचलून बघितली. ओली होती, सहज सुटत होती. आणखी थोडे दिवस. त्याने सवयीने चाकू तोंडाकडे नेला. ओठ उघडले, दात उघडले नाहीत. चाकू तारांवर टेकला आणि खट्ट आवाज झाला.

तो घराकडे वळला. प्रतिभा दारात कणीक हातात घेऊनच उभी होती. त्याने चाकू तिच्यापुढे धरला, मूठ तिच्याकडे करून.

"मी?" ती म्हणाली. "आबा, मी फक्त मेलेल्यांच्या जागी भरलेत. अख्ख्या वाफ्याला नाही कधी. आणि मी कापत गेले तर बांधणार कोण?"

त्याने खुंटीवरची प्लास्टिकच्या पट्ट्यांची जुडी काढली आणि कमरेला खोचली.

प्रतिभाने त्या जुडीकडे बघितलं. मग आत जाऊन हात धुऊन, साडीवरून जीवनचा शर्ट चढवून आली. जाताना शेजारच्या बांधावरून कुसाबाई ओरडलीच, "आवं, हे काय उलटंच? सून म्होरं आन सासरा मागं?" सावळीरामने तिच्याकडे बघून हात वर केला.

ऊन अजून कोवळं होतं. प्रतिभा पहिल्या खुंटाशी बसली. काप घेतला, आडवी रेघ खाली, उभी वर. डोळा कापला. आता चाकू कुठे ठेवते हे बघायला सावळीराम वाकला. तिने तो शर्टाच्या खिशात टाकला, दोन्ही हातांनी डोळा सरकवला आणि खिशातून पुन्हा चाकू काढला.

त्याने भुवया वर केल्या.

"खिसा आहे ना, आबा," ती म्हणाली. "आईंच्या साडीला कुठे होता?"

ती पुढे सरकली. सावळीराम तिच्या जागी बसला आणि पट्टी गुंडाळायला लागला. खालून वर, डोळ्याचं टोक तेवढं बाहेर ठेवून, शेवटी गाठ. बांधणं हे त्याला हलकं काम वाटत आलं होतं. पहिल्या गाठी सुटल्या. पट्टी ओढून धरली तर डोळा सरकायचा, सैल धरली तर फट राहायची. नेमकी किती ओढायची ते बोटांना कळायला अर्धा वाफा गेला. आणि इथे मागे बसलं की प्रत्येक डोळा नाकाशी येतो. पुढे कापत जाणाऱ्याला फक्त पुढचा खुंट दिसतो. मागच्याला सगळं दिसतं, कुठे साल फाटली, कुठे काप खोल गेला, कुठे घाई झाली.

दुसऱ्या वाफ्यात प्रतिभाचा हात बसला. ती भराभर जायला लागली. स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. गळ्यातली पक्कड वाकताना हलत होती. तिच्या आणि त्याच्यामध्ये आता बरंच अंतर पडलं होतं.

एका खुंटाशी सावळीराम पट्टी लावता लावता थांबला. डोळा उलटा बसला होता. कोंबाचं टोक जमिनीकडे. काडी घाईत उलटी धरली की असं होतं. तो तसाच बांधला तर दहा-बारा दिवसांत काळा पडेल.

त्याने मान वर करून बघितलं. प्रतिभा पाठमोरी होती, पुढच्या खुंटावर वाकलेली.

त्याने अंगठ्याच्या नखाने साल हळूच उचलली, डोळा बाहेर काढला, फिरवला आणि पुन्हा आत सरकवला. साल दोन्ही बाजूंनी दाबली. पट्टी खालून वर गुंडाळली, ना घट्ट ना सैल, आणि गाठ मारली.

"आबा," प्रतिभाने मागे न बघताच विचारलं, "नीट बसलेत ना सगळे?"

सावळीरामने बंद दातांमागून 'हं' असा आवाज काढला आणि पुढच्या खुंटाशी सरकला.